बाळ फिरलं का?

आठवा सरून नववा महिना लागला की माहूरच्या पंचक्रोशीत घराघरातून एकच प्रश्न ऐकू येतो: बाळ फिरलं का? विचारणारी सासू असते, आजी असते, नाहीतर चार बाळंतपणं निभावलेली शेजारची काकू असते. उत्तर देणारी मात्र गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत दोनदा बदलली. आधी सुईण सांगायची. मग उपकेंद्राची नर्सबाई सांगू लागली. आता पुष्कळदा सोनोग्राफीचा कागद सांगतो. प्रश्न तोच राहिला, कारण त्याच्या उत्तरावर बाई आणि बाळ दोघांचा जीव अवलंबून असतो.

माहूर हे आईचं गाव. जुनं नाव मातापूर. गडावर रेणुका, डोंगरावर अनसूया, दत्तशिखर, पायथ्याशी मातृतीर्थ. आईवर, म्हणजे रेणुकेवर, अंत्यसंस्कार केल्यावर परशुराम शोकात बुडाला. ती जमिनीतून पुन्हा प्रकट होईल, पण तोवर मागे पाहायचं नाही, असं त्याला सांगितलं होतं. त्याने आधीच मागे पाहिलं, तोवर नुसतं मुखच वर आलं होतं, अशी इथली कथा. गाभाऱ्यात म्हणून फक्त मुखाचीच पूजा होते. मूल व्हावं म्हणून इथे नवस बोलले जातात, गर्भार बायांच्या ओट्या भरल्या जातात, तांबूलाचा प्रसाद घरी नेला जातो. पण बाळंतपणाच्या दृष्टीने पाहिलं तर हा मुलूख अवघड. पैनगंगेचं वळण, सागाचं जंगल, डोंगरउतारावरचे बंजारा तांडे, गोंड-कोलामांचे पोड. जिल्ह्याचं ठिकाण असलेलं नांदेड इथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. म्हणून माहूरची माणसं किनवटला जातात, नदी ओलांडून पुसद-यवतमाळकडे जातात, आणि नाल्याला पूर आला की कुठेच जाऊ शकत नाहीत. अशा ठिकाणी मूल आडवं आहे हे कळा सुरू झाल्यावर कळणं आणि पंधरा दिवस आधी कळणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेत मुसी नदीच्या काठी बायकांसाठी मोठा जनाना दवाखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच उभा राहिला, पण त्याचा माहूरच्या बाईला काय उपयोग? तिच्याकडे होती ती सुईण. मराठवाड्याच्या खेड्यांत हे काम बहुतेक करून मांग, महार किंवा तशाच कष्टकरी समाजातल्या वयस्क बाईकडे असायचं. एरवी जिला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत, तिलाच त्या रात्री माजघरात बोलावून पोटाला हात लावायला सांगत. बाळंतपण पार पडलं की लुगडं, खण, नारळ, पायलीभर ज्वारी. मग घर सारवून घेत, आणि सुईण पुन्हा उंबऱ्याबाहेर. या बाईच्या ज्ञानाबद्दल बोलताना तिला मिळालेली ही वागणूक वगळून बोलता येत नाही. तिने शिकलेलं कुणी लिहून ठेवलं नाही, त्याचं एक कारण हेच आहे.

सुईण तपासायची कशी? हाताला तेल लावून, पोटावरून तळवा सावकाश फिरवत. वरच्या बाजूला मऊ लागतं की टणक, कुठल्या कुशीला सपाट लागतं, कुठे लाथा बसतात, हे ती बाईशी बोलता बोलता टिपायची. "घाबरू नको माय, डोकं खालीच हाय," एवढं ऐकलं की घर निम्मं निर्धास्त व्हायचं. पोट उतरलं, चालताना जांघेत भार येतो, श्वास मोकळा झाला, या खुणांवरून दिवस किती उरले याचा अंदाज ती बांधायची. यातलं बरंचसं आजच्या शिक्षणाशी जुळतं. पण सगळंच जुळतं असं म्हणणं खोटं होईल. आडवं मूल लागलं की काही सुईणी चोळून, रेटून ते फिरवायला बघायच्या. कळा येत असताना वरून पोट दाबायच्या. गर्भपिशवी फाटून बाई दगावण्याचा धोका त्यात मोठा होता. ओळखणं तिला जमत होतं. ओळखल्यावर पाठवायचं कुठे, याचं उत्तर मात्र तिच्याजवळ नव्हतं, आणि ते देणं तिचं काम नव्हतंही.

पायाळू माणसाबद्दलच्या समजुती मराठी मुलुखात सगळीकडे आहेत, तशा मराठवाड्यातही. पायाकडून जन्मलेल्याला गुप्तधन दिसतं, त्याच्यावर वीज पडते, उसण भरलेल्या पाठीला त्याने पाय लावला की दुखणं पळतं. लहानपणी असा एखादा मामा किंवा आत्या प्रत्येकाने पाहिलेली असते. पण गावात हिंडताना दिसतात ते पायाळू वाचलेले असतात. ज्यांचं अंग बाहेर आलं आणि डोकं अडकलं, त्यांना कुणी पायाळू म्हटलं नाही. त्यांना नावच मिळालं नाही. पायाळू असण्याला आपण जे दैवी तेज चिकटवलं, ते या न मोजलेल्या मुलांमुळेच चिकटू शकलं, असं मला वाटतं.

मूल कसं अडतं याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुताने मूढगर्भाचे प्रकार सांगितले आणि आडव्या अडकलेल्या गर्भाला दाराच्या अडसराचं नाव दिलं, परिघ. आनंदीबाई जोशींनी 1886 साली फिलाडेल्फियात डॉक्टर होताना जो प्रबंध लिहिला, तोही जुन्या हिंदूंच्या प्रसूतिविद्येवरच. युरोपात याच सुमारास पोट तपासण्याला शिस्त आली. पॅरिसच्या आदोल्फ पिनार यांनी 1878 मध्ये पोटावरून गर्भ चाचपण्यावर आख्खा ग्रंथ लिहिला आणि 1895 मध्ये ठोके ऐकायची ती भोंग्यासारखी नळी आणली. जर्मनीचे क्रिस्टियान लिओपोल्ड यांनी 1894 मध्ये हाताच्या चार पकडी क्रमाने मांडल्या. जगभरच्या सुईणींचे हात जे करत होते, त्याला त्यांनी क्रम दिला, म्हणून ते शिकवता येऊ लागलं. मुख्य मोल या शिकवता येण्याचंच आहे.

या चार पकडी माहूरकडे आल्या त्या स्वातंत्र्यानंतर, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि नर्सबाईच्या रूपाने. उपकेंद्रात आजही तपासणी होते ती अशी. बाईला आधी लघवीला जाऊन यायला सांगायचं, कारण भरलेल्या मूत्राशयावरून हात चुकतो. मग तिला उताणी झोपवायचं, गुडघे थोडे वर. नर्सबाई उजव्या बाजूला उभी राहते, तळहात एकमेकांवर चोळून गरम करते. थंड हात लागला की पोट आक्रसतं. पहिल्यांदा दोन्ही हात पोटाच्या वरच्या टोकाला. तिथे रुंद, मऊ, अंगासोबतच हलणारं काही लागलं तर तो बाळाचा पार्श्वभाग, म्हणजे डोकं खाली. गोल, टणक आणि बोटांमध्ये एकटंच डुलणारं लागलं तर डोकं वर आहे. मग हात दोन्ही कुशींवर येतात: एका बाजूला सलग गुळगुळीत पाठ, दुसऱ्या बाजूला हातापायांचे गाठीगाठींचे उंचवटे. तिसऱ्या पकडीत अंगठा आणि बोटांनी ओटीपोटाच्या वर जे आहे ते धरून हलवून पाहायचं. शेवटी ती बाईच्या पायांकडे तोंड करून दोन्ही हात खाली सरकवते: बोटं एकमेकींकडे वळली तर डोकं अजून वर तरंगतंय, फाकली तर ते कटीत उतरलंय.

मग नळी. डोकं खाली असेल तर ठोके बेंबीच्या खाली, पाठीच्या बाजूला स्पष्ट येतात. पायाळू असेल तर बेंबीच्या पातळीला किंवा वर. म्हणजे हाताने जे सांगितलं ते कान पडताळून पाहतो. हे सगळं व्हायला पाच-सात मिनिटं लागतात, विजेची गरज नाही. कुठल्याही दोन पकडींचं उत्तर जुळलं नाही तर प्रामाणिक नर्सबाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. बाळाची पाठ कुठे आहे ते बाईलाच आपल्या हाताने दाखवणाऱ्याही काही जणी असतात. ते दाखवलेलं बाई जन्मभर विसरत नाही.

या हातांच्या भरवशावर महाराष्ट्रात मोठी कामं उभी राहिली. मराठवाड्याच्या सीमेला लागून जामखेडमध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून शाळेची पायरी न चढलेल्या बायकांना गर्भवतीची तपासणी शिकवली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी सुईणींना बाजूला सारलं नाही, त्यांना सोबत घेतलं. सरकारनेही सत्तरीच्या दशकात दायांना प्रशिक्षण द्यायला घेतलं. तिथे भर होता तो स्वच्छतेवर: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ. धनुर्वाताने मुलं जात होती, तेव्हा हा भर रास्तच होता. पण दाईला जे आधीपासून येत होतं, पोट वाचण्याचं, ते तपासून, दुरुस्त करून, तिच्या मागे दवाखान्याची वाट उभी करणं फार थोड्या ठिकाणी झालं.

मग 2005 साल आलं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान, जननी सुरक्षा योजना, गावोगावी आशाताई. 2011 मध्ये सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, अगदी सिझेरियनसुद्धा, पूर्ण मोफत झालं. 2014 पासून 108 ची गाडी धावू लागली. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली साधारण 65 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती; 2019-21 पर्यंत ते प्रमाण जवळजवळ 95 टक्क्यांवर गेलं. राज्याचा मातामृत्यू दर 2018-20 मध्ये लाखामागे 33 पर्यंत खाली आला. ही फार मोठी कमाई आहे, आणि घरच्या बाळंतपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी ती विसरू नये.

मात्र या काळात हात मागे पडला. सुईण घरी बसली. आशाताई कार्ड भरून घेते, गोळ्या देते, बाईला सोबत घेऊन जाते, पण पोट तपासणं तिला शिकवलेलं नाही. नर्सबाईच्या डोक्यावर नोंदींचं ओझं वाढत गेलं. माता-बाल संरक्षण कार्डावर बाळाची स्थिती लिहायला रकाना आहे. तो कोराच राहिला किंवा न तपासता भरला, तर छत्तिसाव्या आठवड्यानंतरच्या त्या शेवटच्या तपासणीचा हेतूच संपतो. सोनोग्राफी खात्रीने सांगते, यात वाद नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाने 2006 मध्ये दाखवलं की अनुभवी हातही डोकं खाली नसलेल्या दहापैकी सातच बाळांना ओळखतात. तेव्हा संशय आला की सोनोग्राफी करायलाच हवी. पण तो संशय यायला आधी हात लागावा लागतो. सातव्या महिन्यात काढलेला सोनोग्राफीचा कागद जपून ठेवून नवव्यातल्या बाळाची स्थिती सांगणं, ही आज वारंवार दिसणारी चूक आहे.

कारण बाळ फिरत असतं. अठ्ठाविसाव्या आठवड्याला चार-पाच बाळांतलं एक खाली पाय करून असतं. दिवस भरेपर्यंत असं शंभरात तीन-चारच उरतात. उरलेली आपसूक फिरतात. छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात ओळखलं तर मोठ्या दवाखान्यात, सोनोग्राफीखाली आणि शस्त्रक्रियेची तयारी ठेवून, डॉक्टर बाहेरून बाळ फिरवून पाहू शकतात. साधारण निम्म्या वेळा ते साधतं. नाही साधलं तर बाळंतपण कुठे करायचं हे आधी ठरवता येतं. आडव्या मुलाच्या बाबतीत हे ठरवणं म्हणजेच जीव वाचवणं.

केंद्राने 2018 मध्ये नर्सबाईंना खास सुईणशास्त्राचं प्रशिक्षण देण्याचं धोरण आणलं. माहूर-किनवटला खेटून असलेल्या तेलंगणाने त्याआधीच, 2017 पासून, अशा मिडवाइफ घडवायला सुरुवात केली होती. आपल्याकडे हे उपकेंद्राच्या टेबलापर्यंत पोहोचायला हवं.

आणि ते उसाच्या फडापर्यंतही पोहोचायला हवं. इथल्या तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमाराला कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. समजा निघताना बाईला सातवा लागलाय. निघण्याआधी तिची कितीही नीट तपासणी केली, तरी बाळ कसं येणार हे तेव्हा सांगताच येत नाही, ते अजून फिरतंच आहे. सांगता येईल तो आठवडा उजाडतो तेव्हा ती गावापासून तीन-चारशे किलोमीटरवर एका कोपीत असते, आणि सकाळी मोळ्या बांधत असते. तेव्हा माहूरच्या नर्सबाईने तिच्या कार्डावर दिवस भरण्याची तारीख आणि छत्तिसाव्या आठवड्याचा दिवस ठळक लिहून द्यावा, आणि फड ज्या उपकेंद्राच्या हद्दीत पडतो तिथल्या नर्सबाईने त्या आठवड्यात कोपीवर जाऊन तिच्या पोटाला हात लावावा. कारखान्याला आपल्या टोळ्या कुठल्या शिवारात उतरल्यात हे माहीत असतं. ती यादी आरोग्य केंद्राकडे गळीत हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात गेली पाहिजे.