औषध जिवाणूत नेमके कुठे बसते?

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाने औषधांवर का बोलावे, असे संयोजकांनीही दबक्या आवाजात विचारले. कारण घरातले आहे. गेल्या वर्षी आमच्या थोरल्या वहिनींना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. करकंबहून पंढरपूर, तिथून सोलापूर. तीन दिवसांनी लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट हातात आला. डावीकडे औषधांची नावे, उजवीकडे अक्षरे: आर, आर, आर. आर म्हणजे रेझिस्टंट, जिवाणू त्या औषधाला जुमानत नाही. एस फक्त दोन नावांपुढे, आणि त्यातले एक औषध मूत्रपिंडाला जड. वहिनी बऱ्या होऊन घरी आल्या, पण तो कागद काही आमच्या डोक्यातून जाईना. औषध चालत नाही हे कळले. का चालत नाही, हे कुणी आणि कसे पाहिले? आमचा जन्म प्रमाणशास्त्र शिकवण्यात गेला, तेव्हा हाच प्रश्न सुचणार.

आधी थोडी पार्श्वभूमी. जिवाणूभोवती जाळीदार भिंत असते. ती विणणारी यंत्रे म्हणजे एन्झाइम, पुस्तकी मराठीत विकरे. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे या विणकर विकरांच्या खोबणीत जाऊन बसतात. नुसती बसत नाहीत, तिथल्या सेरीन नावाच्या घटकाशी पक्की गाठ मारतात. सोलापूरच्या मागावर धोटा अडकावा तसे विणकाम थांबते, भिंत कच्ची राहते आणि जिवाणू फुटतो. या विकरांना पीबीपी म्हणतात, म्हणजे पेनिसिलिनला धरून ठेवणारी प्रथिने. जिवाणूंपाशी याला उत्तर होतेच. औषधाची कडी तोडणारी कात्री, बीटा-लॅक्टमेज. अब्राहम आणि चेन यांनी ती १९४० मध्येच नोंदवली, पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याच्या आधी! पुष्कळांना वाटते की प्रतिकार हा औषधानंतर जन्मला. तसे नाही; आपण त्याला खतपाणी घातले, एवढेच.

आता पाहण्याकडे येऊ. अणू इतका लहान की साध्या प्रकाशात तो दिसणारच नाही. लांबी मोजायची ती अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. तेवढ्या बारीक लहरी क्ष-किरणांच्या असतात. पण एका रेणूवरून परतणारे किरण फार क्षीण. म्हणून एकसारखे असंख्य रेणू ओळीने रचलेले हवेत, म्हणजे स्फटिक हवा. आपल्याकडे काकवी बरेच दिवस ठेवली की तळाशी साखरेचे खडे धरतात ना, तसे प्रथिनाचे खडे धरवायचे. साखर चटकन धरते. प्रथिनासाठी कधी कधी वर्षे जातात.

आज घरी गेल्यावर एक करून बघा. काळी छत्री उघडा आणि तिच्या कापडातून लांबच्या दिव्याकडे पाहा. एका दिव्याचे अनेक ठिपके दिसतील, आडव्या-उभ्या ओळींत. वीण जितकी बारीक, ठिपके तितके लांब लांब. ठिपके पाहून वीण ओळखायची, हेच सगळे शास्त्र. डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये पेनिसिलिनच्या रेणूची घडण याच वाटेने लावली.

इथे आमच्यातला नैयायिक जागा होतो. हे प्रत्यक्ष की अनुमान? ठिपका किती ठळक हे यंत्र नोंदवते, पण लहर कोणत्या ठेक्यात आली ते हरवते. तो ठेका दुसऱ्या मार्गाने मिळवावा लागतो. मग हाती येतो इलेक्ट्रॉनांच्या दाटपणाचा ढगासारखा नकाशा, आणि त्या ढगात संशोधक रेणूचा आराखडा बसवतो. औषध तिथे असावे ही इच्छा फार प्रबळ असते हो! ढगात हत्ती दिसतोच. त्यावर उपाय असा: आराखड्यातून औषध वगळायचे, नकाशा पुन्हा काढायचा, आणि त्या खोबणीत ढग आपोआप उमटतो का ते पाहायचे. याला ओमिट मॅप म्हणतात. वर्गात अन्वय-व्यतिरेक शिकवताना हे उदाहरण आमच्याकडे असते तर किती बरे झाले असते.

कात्रीचे चित्र घेणे तर आणखी अवघड, कारण ती औषध तोडून क्षणात मोकळी होते. १९९२ मध्ये नताली स्ट्रायनाडका आणि सहकाऱ्यांनी युक्ती केली. कात्रीतला फक्त एक घटक, १६६ क्रमांकाचा, बदलला. कात्री पेनिसिलिन धरायची, पण सोडू शकेना. त्या अडकलेल्या अवस्थेचे चित्र १.७ अँगस्ट्रॉम इतके स्पष्ट मिळाले.

महाराष्ट्राचे नाव इथे दोनदा येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सी. जी. सुरेश आणि सहकाऱ्यांनी यॉर्कच्या मंडळींबरोबर १९९९ मध्ये पेनिसिलिन-व्ही अॅसायलेजची रचना प्रसिद्ध केली. हे विकरही जिवाणूचेच, पण ते नवी पेनिसिलिने बनवायच्या कामी येते. दुसरे नाव औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, वॉकहार्ट संशोधन केंद्राचे. तिथला रेणू झिडेबॅक्टम.

नवी दिल्लीच्या नावाने बदनाम झालेली एनडीएम ही जस्ताच्या आधाराने चालणारी कात्री. झिडेबॅक्टम तिला अडवत नाही. तो सरळ विणकराकडे जातो आणि पीबीपी-२ ला धरतो; सोबतचे सेफेपिम हे औषध मुख्यतः पीबीपी-३ ला धरते. दोन माग एकदम बंद पडले की कात्री असूनही जिवाणूचा निभाव लागणे कठीण होते. २०२१ मध्ये अमेरिकी संशोधक आणि वॉकहार्टचे शास्त्रज्ञ यांनी मिळून स्यूडोमोनासच्या पीबीपी-२ मध्ये हा रेणू सेरीनला जोडलेला असल्याचे स्फटिकचित्र प्रसिद्ध केले. चोराशी झटापट न करता दुसरेच दार लावून घेण्याची ही तऱ्हा आम्हाला आवडली.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: 'चित्र मिळाले म्हणजे औषध मिळाले का?' नाही. स्फटिक बहुधा उणे १७३ अंशांच्या आसपास गोठवून चित्र घेतात. जिवंत विकर हलत असते, श्वास घेतल्यासारखे उघडते-मिटते. शिवाय रेणू खोबणीत छान बसतो, पण जिवाणूच्या बाहेरच्या पडद्यातून आतच शिरत नाही, किंवा शिरला तरी जिवाणू त्याला पंपाने बाहेर फेकतो, असे अनेकदा होते. त्यानंतर प्राणी, मग माणसे, मग मूत्रपिंड-यकृताच्या तपासण्या. चित्रावरून एवढे कळते की पुढचा रेणू घडवताना कोणता कोपरा कापायचा आणि कुठे एखादा हात वाढवायचा. वहिनींच्या कागदावरचे एक अक्षर बदलायला याहून बरेच काही लागते.