एक खेळ, पाच आवडी



देवळात रात्री भजन रंगलेले असते. कोणी अभंगाच्या अर्थासाठी आलेला असतो, कोणाचे सारे लक्ष पखवाजाकडे, कोणाला स्वतः एखादी चाल म्हणून दाखवायची असते, आणि कोणी घरी करमत नाही म्हणून मागे भिंतीला टेकून बसलेला असतो. भजन एकच, पण प्रत्येकाचे येणे वेगळ्या ओढीने. आज ज्या खेळाविषयी सांगायचे आहे, त्याचेही असेच आहे.

हा खेळ मूळचा अमेरिकेतला. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. त्यांतला एक सूत्रधार. तो म्हणतो, "तुम्ही डोंगराच्या पोटातल्या भुयारात आहात. समोर लोखंडी दार आहे. आतून कोणाच्या तरी घोरण्याचा आवाज येतो आहे. बोला, काय करता?" बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेले असते. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. आपले पात्र काय करील, ते ज्याने त्याने सांगायचे. ते साधेल की नाही अशी शंका असेल, तेथे फासा टाकायचा. म्हणजे नाटक खरे, पण संहिता नाही. गोष्ट खरी, पण शेवट कोणालाच ठाऊक नाही.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या जातीचा पहिला छापील खेळ १९७४ साली निघाला. दोघेही टेबलावर छोटी सैन्ये मांडून लुटुपुटूच्या लढाया खेळणारे. पुस्तिकाही त्यांनी तशाच मंडळींना समोर ठेवून लिहिल्या. नवख्याला त्या जड जात. म्हणून १९७७ साली जे. एरिक होम्स यांनी संपादित केलेली सोपी आवृत्ती काढावी लागली. नियम सोपे झाले. पण आवडीनिवडींचा प्रश्न त्याने सुटणारा नव्हता.

तो कसा, हे पाहायला पुन्हा त्या दाराशी जाऊ. पहिला गडी म्हणतो, "दार फोडा! आत धन असेल, माझ्या योद्ध्याचे बळ वाढेल." दुसरा म्हणतो, "थांबा, आधी नकाशा काढू, कोणी कोठे उभे राहायचे ते ठरवू." तिसरीच्या पात्राचा भाऊ अशाच भुयारात हरवलेला, तिला त्या दारापुढे क्षणभर थबकून चार शब्द बोलायचे आहेत. चौथ्याला कुतूहल, की हे दार येथे बसवले कोणी? पाचवा शेंगदाणे खात ऐकतो आहे.

ग्लेन ब्लॅको नावाच्या लेखकाने १९८० साली खेळाडूंच्या या ओढी चार प्रकारांत मांडल्या: बळ वाढवणे, डावपेच लढवणे, भूमिका जगणे आणि कथा घडवणे. पुढे रॉबिन लॉज यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात आणखी बारीक वर्गवारी केली. तीत नुसता सोबतीला येणाराही आहे. अर्थात, हे काही जन्माचे शिक्के नव्हेत. दिवसभर दमलेल्या माणसाला एखाद्या संध्याकाळी नुसती लढाईच हवी असते.

बिघडते कोठे? प्रत्येक जण आपली आवड हाच खेळाचा नियम समजतो तेथे. "तुला खेळताच येत नाही," असे कोणी बोलून जातो. ऐकणारा गप्प बसतो, आणि पुढच्या वेळी येत नाही. हा खेळच आपला नव्हे, असे तो धरून चालतो. वास्तविक त्याने पाहिलेले असते एकच टेबल!

जाणता सूत्रधार म्हणून आधी विचारतो, "तुला कशात गोडी वाटते?" मग एकाच प्रसंगात अनेकांची सोय करतो. घोरणाऱ्या राक्षसाच्या बोटात त्या हरवलेल्या भावाची अंगठी असते. खोलीला मागून दुसरी वाट असते. दारावर जुनी अक्षरे कोरलेली असतात. पाचव्याला तो पुढे ओढत नाही. मधून एखादा सोपा प्रश्न विचारतो, एवढेच.

तरीही एक खेळ सर्वांना पुरा पडत नाही, आणि ते कबूल करण्यात कमीपणा नाही. १९८१ साली 'कॉल ऑफ क्थुल्हू' आला. त्यात साधी माणसे गूढाचा शोध घेतात, आणि लढायला गेले तर बहुधा हरतात. १९९१ च्या 'व्हॅम्पायर: द मॅस्करेड' मध्ये पात्राच्या मनातल्या झगड्याला महत्त्व आले. तलवारीत ज्यांना रस नव्हता, अशीही माणसे मग या छंदाकडे वळली. नव्या लोकांसाठी नवे दरवाजे उघडावे लागले.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात एखादी गोष्ट अर्धी सांगून थांबा आणि मुलांना विचारा, "तुम्ही असता तर काय केले असते?" उत्तरे ऐकताना ती बरोबर की चूक हे क्षणभर बाजूला ठेवा. कोण लढायला निघाला, कोणी युक्ती काढली, कोणाला त्या पात्राचे वाईट वाटले, हे टिपा. आणि मागच्या बाकावर जो काहीच बोलला नाही, तो ऐकत होता का, तेवढे जरूर पाहा. ऐकत असेल तर तोही खेळात आहे.