साक्षर झालेल्या गावाने पुढे काय वाचावे?

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहिमेस प्रारंभ झाला व पुढे ती राज्यभर पसरली. दिवसाची कामे आटोपल्यावर प्रौढांचे वर्ग भरत. प्राथमिक शिक्षक व गावातील शिकलेली मंडळी विनामोबदला शिकवीत. खर्चाचा भार गाव उचली. सारा गाव साक्षर झाला म्हणजे ग्रामगौरव समारंभ होई. एकट्यादुकट्या माणसाऐवजी गावाच्या अभिमानालाच हात घालण्याची ही युक्ती मोठी मार्मिक होती.

परंतु समारंभानंतर वाचावयास काही नसेल, तर आलेली अक्षरे पुसट होतात. २०२२ साली सुरू झालेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमातही स्वयंसेवकच पंधरा वर्षांवरील निरक्षरांना शिकवितात. वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० गुणांची परीक्षा होते. ग्रामसेवकाने मात्र परीक्षार्थींच्या यादीवरच समाधान मानू नये.

कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोणाचा तांबडा रंग निरक्षरासही धोका सांगतो. किती पाण्यात किती औषध मिसळावे, विषबाधा झाल्यास कोणता उपचार करावा, हे मात्र वाचावेच लागते. आणि पाठीवर पंप घेणारा पुष्कळदा मजूर असतो, मालक नव्हे. म्हणून वर्गात मुळाक्षरांबरोबरच औषधासोबत मिळणारे माहितीपत्रक, सोसायटीचे पासबुक आणि स्वतःचा सातबारा वाचावयास घ्यावा. या पाठ्यपुस्तकांना वेगळा पैसा पडत नाही. माहितीपत्रक तेवढे आणावे; औषधाचा रिकामा डबा वर्गात कदापि आणू नये.