सिनांग्लाय : नारळाच्या दुधांतील भरलेला मासा

फिलिपाइन्स द्वीपसमूहांतील सर्वांत मोठें बेट लुझॉन. त्याच्या आग्नेय भागांत, मायॉन ज्वालामुखीच्या परिसरांत, बिकोल नांवाचा प्रदेश आहे. तेथील स्वयंपाकाचें सारें वैशिष्ट्य दोन जिनसांत आहे : नारळाचें दूध आणि मिरची. या प्रदेशांतील ‘सिनांग्लाय’ या पदार्थाची कृति, आणि त्याहूनही तिच्यामागील कारणें, आज आपणांपुढें मांडावयाचीं आहेत.

सिनांग्लाय म्हणजे पोटांत सारण भरून, पाल्यांत गुंडाळून, नारळाच्या दुधांत मंद आंचेवर शिजविलेला अख्खा मासा. त्यासाठीं बहुधा तिलापिया वापरतात. हा मासा मूळचा आफ्रिकेंतला. तो फिलिपाइन्समध्यें १९५० सालीं आणि भारतांत १९५२ सालीं आणला गेला. उजनीच्या जलाशयांत सांपडणारी ‘चिलापी’ ती हीच. तेव्हां मासा मिळविण्यास आपणांस समुद्र ओलांडावयास नको.

मध्यम आकाराचे दोन मासे घ्यावेत. खवले, कल्ले व आंतडीं काढून पोटांतील काळा पापुद्रा खरवडून टाकावा. तो राहिल्यास चव बिघडते. मीठ व लिंबू चोळून थोड्या वेळानें मासे धुऊन घ्यावेत. टोमॅटो, कांदा, आलें व लसूण बारीक चिरून, मीठ-मिरीं लावून, तें सारण पोटांत भरावें. मग ‘पेचाय’ या चिनी पालेभाजीच्या, किंवा मोहरीच्या, रुंद पानांत मासा गुंडाळावा. पानें आधीं उकळत्या पाण्यांत क्षणभर बुडविलीं म्हणजे तीं लवचीक होतात व फाटत नाहींत. बांधावयास दोरा नको. गवती चहाची लांब पात पुरे. पाल्यामुळें सारण बाहेर येत नाहीं, आणि शिजलेला नाजूक मासा उचलतांना मोडत नाहीं.

आतां दूध. दोन नारळ खवून, थोड्या कोमट पाण्यांत चुरून पिळावे. हें पहिलें जाड दूध निराळें ठेवावें. त्याच चोथ्यांत पुन्हां पाणी घालून दुसरें पातळ दूध काढावें. रुंद पातेल्यांत पातळ दूध, आल्याच्या चकत्या व हिरव्या मिरच्या घालून त्यांत मासे ठेवावेत आणि वीसएक मिनिटें शिजवावेत. मासा शिजल्यावरच जाड दूध घालून, तें दाट होईपर्यंत चुलीवर ठेवावें.

हा क्रम कां ? नारळाच्या दुधांत तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यांत विखुरलेले असतात, व त्यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचें काम प्रथिनें करतात. दूध खळखळून उकळलें, किंवा त्यांत फार आंबट पडलें, कीं प्रथिनें गोठतात, तेल सुटतें आणि दूध फाटतें. म्हणून आंच मंद असावी, झांकण ठेवूं नये, आणि पातेलें अधूनमधून हलवावें. पळीनें ढवळल्यास मासा मोडेल. आटत आल्यावर वर थोडें तेल दिसूं लागलें तर बिघडलें नाहीं. तसा दाट, तेलकट रस बिकोलच्या लोकांना आवडतोच.

या पातेल्यांत दोन जगें एकत्र आलीं आहेत. नारळ, आलें व गवती चहा आशियांतले. मिरची व टोमॅटो अमेरिकेंतले. १५६५ ते १८१५ पर्यंत स्पेनचीं गलबतें मेक्सिकोचें अकापुल्को व मनिला यांच्या दरम्यान ये-जा करीत होतीं. अमेरिकेंतील अशीं पिकें तेथें पोंचलीं तीं या वाटेनें. आपल्याकडे मिरची आली ती पोर्तुगीजांबरोबर, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूनें.

मात्र बिकोलमध्यें नारळ सदैव हाताशीं असेल असें नाहीं. ३० नोव्हेंबर २००६ रोजीं आलेल्या चक्रीवादळांत मायॉनच्या उतारावरील राख व दगड पावसाबरोबर वाहून आले. गांवें गाडलीं गेलीं आणि शेंकडों माणसें दगावलीं. अशा वादळांत माड उन्मळून पडतात, आणि उंच जातीचें नवें रोप फळाला यावयास सहासात वर्षें जातात. ३ जून २०२० च्या वादळानंतर श्रीवर्धनच्या बागाईतदारांनीं हेंच दुःख भोगलें. तेव्हां दोन नारळांचें दूध मंद आंचेवर जपणें ही केवळ पाककलेची बाब नव्हे, हें तेथील व येथील गृहिणीस सांगावयास नको.

मासा पाल्यासकट ताटांत ठेवावा, गवती चहाची पात सोडावी, आणि गरम भातावर दाट रस घालून वाढावा.