कर्करोगतज्ज्ञ कसा घडतो?

इचलकरंजीच्या एका शाळेत आम्ही पेशीविभाजनावर बोलायला गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर दहावीतल्या एका मुलीने विचारले, "कॅन्सरचा डॉक्टर व्हायला किती वर्षे लागतात?" आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. तो वहीत उतरवून घेतल्यावर ती म्हणाली, "एवढी वर्षे शिकूनही माझ्या मावशीला डॉक्टरांना का वाचवता आले नाही?" तिची मावशी यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायचे काम करी. छातीतली गाठ तिने वर्षभर कुणालाच सांगितली नव्हती.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येते. दुसऱ्याचे तसे देता येत नाही. पण कर्करोगतज्ज्ञ नेमके काय शिकतो आणि शिकून झाल्यावर काय करतो हे नीट पाहिले, तर दुसऱ्या प्रश्नाजवळही पोचता येते. ते या लेखात करून पाहू.

साडेअकरा वर्षांचा हिशेब

बारावीनंतर 'नीट' ही प्रवेशपरीक्षा. मग एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे आणि आंतरवासितेचे एक वर्ष. इचलकरंजीच्या विद्यार्थ्याला हे शिक्षण मिरजेच्या किंवा कोल्हापूरच्या शासकीय महाविद्यालयात, म्हणजे घरापासून तीसेक किलोमीटरवर घेता येते. त्यानंतर पुन्हा प्रवेशपरीक्षा आणि तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण. शस्त्रक्रियेकडे जाणारा एम.एस. करतो, औषधोपचाराकडे जाणारा एम.डी. यानंतर तिसरी प्रवेशपरीक्षा आणि कर्करोगाचे खास शिक्षण आणखी तीन वर्षे. शल्यचिकित्सकासाठी ही पदवी एम.सीएच., औषधोपचार करणाऱ्यासाठी डी.एम. बेरीज केली तर साडेअकरा वर्षे होतात. किरणोपचाराची वाट थोडी वेगळी आहे. तिथे एम.बी.बी.एस.नंतर त्याच विषयात तीन वर्षांची एम.डी. असते.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. 'कॅन्सरचा डॉक्टर' नावाचा एकच डॉक्टर नसतो. गाठ काढणारा, किरणांनी जाळणारा, औषधे देणारा, गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान करणारा आणि रोग बरा होण्यासारखा नसेल तेव्हा वेदना आटोक्यात ठेवणारा असे निरनिराळे तज्ज्ञ लागतात. चांगल्या रुग्णालयात हे सगळे एकत्र बसून एकेका रुग्णाचा विचार करतात. आधी शस्त्रक्रिया की आधी औषध, हे तिथे ठरते. विद्यार्थी-डॉक्टर या बैठकीत मागच्या बाकावर बसून सर्वात जास्त शिकतो.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय हे अशा शिक्षणाचे आपल्याकडचे जुने केंद्र. ते १९४१ साली सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर या विकृतिशास्त्रज्ञाने सांभाळली. उपचार आणि संशोधन एकाच छपराखाली ठेवण्याची परंपरा तिथे तेव्हापासूनची. हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. हातकणंगले किंवा मिरज स्टेशनवरून रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालेल्या आपल्या भागातल्या कितीतरी कुटुंबांना परळचा तो पत्ता पाठ असतो.

न थांबणारा माग

आता रोगाकडे वळू. यंत्रमाग चालताना धोट्यातले आडवे सूत तुटले की माग आपोआप थांबतो. ही सोय नसेल तर माग रिकामाच खडखडत राहील आणि कापड बिघडेल. आपल्या पेशीतही अशा थांबण्याच्या सोयी असतात. विभाजनाआधी पेशी आपल्या डी.एन.ए.ची नक्कल करते. नकलेत चूक झाली तर काही प्रथिने विभाजन रोखून धरतात, दुरुस्ती होऊ देतात आणि दुरुस्ती शक्य नसेल तर त्या पेशीला मरायला लावतात. या प्रथिनांची माहिती देणारी जनुकेच बिघडली तर ती पेशी थांबण्याचे विसरते. असे अनेक बिघाड एका पेशीत साठत गेले की कर्करोग होतो.

उपमा इथे संपते, कारण बिघडलेला माग जागा सोडत नाही. कर्करोगाच्या पेशी मात्र रक्तातून आणि लसिकेतून दुसरीकडे जाऊन तिथे वाढू लागतात. स्तनाच्या कर्करोगात स्तनातली गाठ सहसा जीव घेत नाही. जीव घेतात त्या हाडात, यकृतात, फुप्फुसात किंवा मेंदूत गेलेल्या पेशी. म्हणून तज्ज्ञाचा पहिला प्रश्न 'गाठ केवढी?' एवढाच नसतो, 'ती कुठवर पोचली आहे?' हाही असतो. मावशीचे ते एक वर्ष याच प्रश्नाच्या उत्तरात जमा होते.

पदवीनंतरचे शिक्षण

साडेअकरा वर्षांत डॉक्टर आज माहीत असलेले शिकतो. जे कुणालाच माहीत नाही ते तो पुढे रुग्णांवर उपचार करताना, प्रश्न विचारून शिकतो. याचे एक चांगले उदाहरण म्हणजे डॉ. राजेंद्र बडवे. स्तनाच्या कर्करोगाचे शल्यचिकित्सक म्हणून त्यांनी टाटा स्मारक रुग्णालयात दीर्घकाळ काम केले, टाटा स्मारक केंद्राचे संचालकपद सांभाळले आणि २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण आपल्याला त्यांच्या पदांपेक्षा त्यांच्या प्रश्नांत रस आहे.

१९९१ साली लंडनच्या गाईज् रुग्णालयातील सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता. पाळी चालू असलेल्या स्त्रीची गाठ महिन्याच्या कोणत्या दिवसांत काढली, याने काही फरक पडतो का? १९७५ ते १९८५ या काळातल्या २४९ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. शेवटच्या पाळीनंतर ३ ते १२ या दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५४ टक्के स्त्रिया दहा वर्षांनी हयात होत्या. इतर दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८४ टक्के.

फरक थक्क करणारा होता. पण या जुन्या नोंदी होत्या आणि दुसऱ्या काही ठिकाणच्या नोंदी वेगळे सांगत होत्या. मग खरे काय? महिन्याच्या उत्तरार्धात शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते. तेच संरक्षण करत असेल, तर शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी त्याचे इंजेक्शन देऊन पाहता येईल. मुंबईत सुमारे हजार स्त्रियांवर हा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. सर्व स्त्रिया मिळून पाहता इंजेक्शनाचा निश्चित फायदा दिसला नाही. काखेतील गाठींपर्यंत रोग पोचलेल्यांच्या गटात मात्र तो दिसला. वीस वर्षे जवळ बाळगलेल्या कल्पनेला हे अर्धेमुर्धे उत्तर मिळाले, आणि ते तसेच छापले गेले.

चिठ्ठी टाकून वाटणी

असा प्रयोग कसा करतात हे इचलकरंजीच्या मुलांना त्यांच्याच भाषेत सांगता येईल. समजा, सायझिंगसाठी नव्या प्रकारची खळ आली आहे. तिने सूत कमी तुटते का हे बघायचे आहे. नवी खळ लावलेले बीम आपण चांगल्या मागावर, चांगल्या कारागिराकडे दिले आणि जुन्या खळीचे बीम खिळखिळ्या मागावर चढवले, तर नवी खळ जिंकणारच. पण श्रेय खळीचे की कारागिराचे हे कळणार नाही. त्यावर उपाय एकच. कोणते बीम कोणत्या मागावर जाईल हे चिठ्ठी टाकून ठरवायचे. मग चांगले-वाईट माग दोन्हीकडे साधारण सारखे वाटले जातात आणि उरलेला फरक खळीचा, असे म्हणता येते.

रुग्णांच्या बाबतीतही हेच. रोग आधीच शरीरभर पसरला असेल, तर स्तनातली मूळ गाठ काढून उपयोग होतो का? जुन्या नोंदी सांगत की गाठ काढलेल्या स्त्रिया जास्त जगतात. पण डॉक्टर शस्त्रक्रियेसाठी कुणाला निवडत? बहुधा ज्यांची प्रकृती बरी, रोगाचा पसारा कमी, त्यांना. म्हणजे चांगला माग आणि चांगला कारागीर! डॉ. बडवे आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात अशा ३५० स्त्रियांची चिठ्ठी पद्धतीने दोन गटांत विभागणी केली. अर्थात प्रत्येकीची संमती घेऊन. निष्कर्ष २०१५ साली आले. गाठ काढलेल्या गटात निम्म्या स्त्रिया १९.२ महिन्यांपर्यंत हयात होत्या, न काढलेल्या गटात २०.५ महिन्यांपर्यंत. म्हणजे जगण्याच्या काळात लाभ नाही. शल्यचिकित्सकानेच शस्त्रक्रियेबद्दल असे उत्तर शोधून काढावे, यातून पुढच्या अनेक स्त्रियांची एक मोठी शस्त्रक्रिया वाचते.

तिसरा प्रश्न असा की गाठ काढताना ती हाताळली जाते, तेव्हा काही पेशी सुटून रक्तात जात असतील का? तसे असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १० मिनिटे गाठीभोवती लिडोकेन टोचून पाहावे. लिडोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करण्यासाठी वापरतात तेच स्वस्त औषध. पेशींच्या पटलात सोडियम आयनांची जी दारे असतात, ती ते बंद करते. पेशींच्या हालचालीशी या दारांचा संबंध असावा, अशी कल्पना आहे. देशातील ११ केंद्रांत मिळून सुमारे १६०० स्त्रियांवर हा प्रयोग झाला आणि २०२३ साली निष्कर्ष आले. पाच वर्षांनंतर रोग न उलटता हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण लिडोकेन दिलेल्या गटात ८६.६ टक्के, न दिलेल्या गटात ८२.६ टक्के. हयात असलेल्या एकूण स्त्रिया अनुक्रमे ९०.१ आणि ८६.४ टक्के. असा निष्कर्ष इतरांनीही पडताळून पाहायला हवा. पण एका स्वस्त इंजेक्शनाने शंभरातल्या तीन-चार जणी वाचत असतील, तर ही गोष्ट लहान नाही.

वर्गात करून पाहा

चार टक्क्यांचा फरक शोधायला १६०० स्त्रिया कशाला? हे नाण्याने दाखवता येते. ४० मुलांच्या वर्गात प्रत्येकाने नाणे दहा वेळा उडवावे आणि छापे मोजावेत. पाच-पाच असा निकाल सगळ्यांना येणार नाही. एकच बाजू सात किंवा अधिक वेळा आली असे तेरा-चौदा विद्यार्थी निघतील. त्यांचे नाणे खोटे आहे का? नाही, हा निव्वळ योगायोग. आता सगळ्या वर्गाचे ४०० निकाल एकत्र करा. छापे बहुधा १८० ते २२० यांच्या दरम्यान येतील. संख्या वाढली की योगायोगाचा वाटा घटतो.

आता रुग्णांकडे या. प्रत्येक गटात ५० स्त्रिया असत्या, तर चार टक्के म्हणजे फक्त दोघी. एवढा फरक योगायोगानेही पडतो. प्रत्येक गटात ८०० असतील तर चार टक्के म्हणजे ३२ जणी. एकट्या डॉक्टरचा अनुभव कितीही मोठा असला तरी असा फरक त्याच्या नजरेला दिसत नाही, याचे कारण हे. त्याला बरे झालेले काही रुग्ण लख्ख आठवतात, पण शंभरातले चार आठवणीने मोजता येत नाहीत.

मावशीचे एक वर्ष

आता त्या मुलीचा दुसरा प्रश्न. रोग पसरण्याआधी गाठ सापडली तर? यावरही मुंबईत मोठा प्रयोग झाला. १९९८ साली डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. बडवे आणि सहकाऱ्यांनी झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांसह तो सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, स्त्रियांचे स्तन हाताने तपासत. यंत्र नाही, क्षकिरण नाही. दुसऱ्या निम्म्या वस्त्यांत आरोग्यशिक्षण देत. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. पुढच्या टप्प्यात गेलेल्या रोगाचे प्रमाण तपासणीच्या गटात ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र मृत्यू घटले नाहीत. हेही लपवलेले नाही.

म्हणजे तज्ज्ञाच्या साडेअकरा वर्षांच्या शिक्षणाइतकेच मोल आरोग्यसेविकेच्या हातालाही असू शकते, कारण ती तज्ज्ञाला वेळ मिळवून देते. स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कोणती आहे आणि कोणती नाही, हे लाजेने किंवा रोजगार बुडेल या भीतीने ठरवता येत नाही. ते तपासणीनेच ठरते. शाळेतल्या मुलींना, आणि मुलांनाही, एवढे जरी आपण संकोच न करता सांगू शकलो तरी घरोघरीच्या मावश्यांपर्यंत ते पोचेल.

त्या दिवशी त्या मुलीला आम्ही खोटा दिलासा दिला नाही. वेळेवर गेली असती तर मावशी नक्की वाचली असती, असेही म्हटले नाही, कारण ते कुणालाच सांगता येत नाही. शक्यता वाढली असती, एवढेच सांगितले. मग तिच्या वहीतल्या बेरजेत एक दुरुस्ती सुचवली. साडेअकरा वर्षांपुढे अधिकचे चिन्ह काढ आणि पुढची जागा मोकळी ठेव. डॉ. बडवे यांच्या १९९१ च्या प्रश्नापासून २०२३ च्या उत्तरापर्यंत मध्ये बत्तीस वर्षे गेली. तिने अधिकचे चिन्ह काढले आणि विचारले, "मग प्रवेशपरीक्षेचा अभ्यास अकरावीपासूनच सुरू करावा लागेल ना?"