काळ, काम, वेग आणि कॅट!

दिवसभर ऑफिस, मग ट्रॅफिक, आणि जेवण आटोपल्यावर डोळे चोळत कॅटचं पुस्तक. नोकरी सांभाळून एमबीएची तयारी करणाऱ्यांचं हे ठरलेलं रुटीन. त्यात पान उलटलं की समोर येतात जुनेच ओळखीचे चेहरे. काम १२ दिवसांत संपवणारा ‘अ’, १८ दिवस लावणारा ‘ब’ आणि कायम गळणारी ती टाकी! स्कॉलरशिपच्या परीक्षेत छळलेलं काळ-काम-वेग पुन्हा हजर.

टेन्शन घेऊ नका. फंडा एकच आहे : सोयीचा आकडा धरा आणि विचारा, ‘एका तासात किती?’

सरासरीचा सापळा

जाताना गाडीचा वेग ताशी ४० किमी, त्याच रस्त्याने येताना ६०. सरासरी वेग किती? ‘५०’ म्हणालात तर फसलात. अंतर दिलेलं नाही ना? मग आपणच धरायचं. ४० आणि ६० चा लसावि १२०. जायला ३ तास, यायला २. एकूण २४० किमी, ५ तास. उत्तर ४८! कमी वेगात जास्त वेळ जातो, म्हणून सरासरीही तिकडेच झुकते.

दोघांत एक प्रोजेक्ट

एक रिपोर्ट तुम्ही १२ तासांत करता, शेजारच्या क्युबिकलमधला मित्र १८ तासांत. दोघं मिळून किती वेळ? इथेही लसावि. समजा, रिपोर्ट ३६ पानांचा आहे. तुमची तासाला ३ पानं, त्याची २. दोघांची मिळून ५. म्हणजे ३६ भागिले ५, ७ तास १२ मिनिटं. अपूर्णांकांची झटापटच नाही.

आता टाकी. नळ ६ तासांत भरतो, गळती भरलेली टाकी १० तासांत रिकामी करते. टाकी ३० लिटरची धरा. तासाला ५ आत, ३ बाहेर, शिल्लक २. टाकी भरायला १५ तास. झालं!

आधी अंदाज, मग क्लिक

२०२४ च्या कॅटमध्ये क्वांटचे २२ प्रश्न होते आणि वेळ ४० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. बरोबर उत्तराला ३ मार्क, पर्यायी प्रश्न चुकला की १ वजा. म्हणून आधी पर्यायांवर नजर टाका. दोघं मिळून केलेलं काम एकट्याच्या १२ तासांपेक्षा लवकरच संपणार. मग १५ आणि ३० हे पर्याय पेन न उचलता बाद. कॅटला स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो, जीमॅटच्या क्वांटमध्ये तोही नाही. तिथे हे सोयीचे आकडे जास्तच कामाला येतात.

दोन गोष्टी मात्र पाठच हव्यात. ताशी १८ किमी म्हणजे सेकंदाला ५ मीटर. गाड्या समोरासमोर येत असतील तर वेगांची बेरीज, एकाच दिशेने धावत असतील तर वजाबाकी.

रोज रात्री अशी पाचच गणितं, घड्याळ लावून. नोकरी करणाऱ्याला एवढं नक्की जमतं.