शिष्यवृत्तीची तारीख
"शिष्यवृत्ती मिळूनही आपली पोरं मागं का?" असा सवाल मला नेहमी केला जातो. मी म्हणतो, रकमेइतकीच तारीख पाहा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले. १९१७ मध्ये तिची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. तो पुन्हा सुरू झाला १९२० साली. बुद्धी तीच होती, पैसा थांबला होता. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. माझी मात्र परीक्षेनंतर हाती आली. तोवर खाणावळीचे बिल थकलेले. ग्रंथालयाचे तास मी एका दुकानाच्या हिशेबवहीत घातले. तेव्हा मित्रहो, गुणपत्रिकेशेजारी हप्त्याची तारीखही लिहा, आणि मग सांगा, पोरगा कुठे कमी पडला!